कोलंबो ते सांबरा, पाच तास

माझा धाकटा भाऊ लढाईच्या काळात सिलोनला होता. विमानदलात फिटर. एका रजेवर आला तेव्हा निपाणीला आमच्या सोप्यात बसून, चहा बशीत ओतता ओतता तो म्हणाला, "आक्का, कोलंबोच्या एरोड्रमवरनं विमान सुटलं की पाच तासात आपल्या सांबऱ्याच्या एरोड्रमवर. मधी कुठं थांबायचं कामच न्हाय."

तो स्वतः मात्र त्या खेपेला आगबोटीने समुद्र ओलांडून, मग गाड्या बदलत बदलत, जवळजवळ आठवडा घालवून आला होता. निम्मी रजा रस्त्यातच गेली होती. हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पाच तास तेवढे राहिले. पुढे वर्षभर माझ्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडे त्या पाच तासांनी जो धुमाकूळ घातला, तो आठवला की अजून माझं डोकं उठतं.

माहेर सांबऱ्याचं, बेळगावच्या पूर्वेला. लढाईत सरकारने तिथे विमानं उतरवायला जागा घेतली, तीत आमचाही एक तुकडा गेला. विहिरीपलीकडचा, जोंधळ्याचा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याचं दुःख फार केलं नाही. त्यांनी स्वतःपुरती एक समजूत करून घेतली. जमीन सरकारची झाली असेल, पण विमान उतरतं ते आमच्या रानात. "आज आपल्या रानात दोन उतरली," असं ते शेजाऱ्याला सांगत, आज दोन गाड्या शेणखत टाकलं असं सांगावं तसं. भाऊ त्याच एरोड्रमवर आधी माती वाहायला गेला, मग साहेबांच्या हाताखाली पाने-पकडी द्यायला लागला, तिथून भरती झाला आणि सिलोनला गेला. आई लवकर गेली. त्यामुळे माझं माहेर म्हणजे ही दोनच माणसं.

सासर निपाणीचं, तंबाखूच्या वखारीचं. माणसं वाईट नाहीत. पण सासूबाईंचं एक पालुपद होतं, की माझ्या माहेरचं माणूस कार्याला वेळेवर येत नाही. झालं होतं एवढंच, की माझ्या थोरलीच्या बारशाला येताना आप्पांच्या गाडीचं चाक संकेश्वरच्या अलीकडे मोडलं, आणि ते दुसऱ्या दिवशी कुंची घेऊन पोचले. थोरली लग्नाची झाली तरी ते चाक आमच्या घरात फिरतच होतं. कुठे हळदीकुंकवाला उशीर झाला तरी चाक निघायचं.

थोरलीचं लग्न ठरलं ते लढाईच्या शेवटच्या उन्हाळ्यात. मुलगा कोगनोळीचा, घरची शेती, शिकलेला. आमच्यात मुहूर्ताला नवरीला मामाने हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि अंतरपाट सुटेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. तिच्या अंगावरचं पिवळं लुगडंही मामाचंच. मामा नसला तर मानलेला मामा उभा करतात, लग्न अडत नाही. पण माझ्या लेकीला सख्खा मामा होता, एकुलता एक, धडधाकट. तो आणि आप्पा, दोघे मुहूर्ताच्या आधी मांडवात दिसले पाहिजेत, एवढंच मला हवं होतं. बाकी हौस नव्हती. साखर कंट्रोलची, कापड कंट्रोलचं, हौस करायची कशाची?

भटजींनी दोन मुहूर्त काढून दिले. एक वैशाखातला, गोरजाचा. दुसरा त्यानंतर बारा दिवसांनी. भावाचं कार्ड आलं होतं. रजा मंजूर झाली आहे, ती पहिल्या मुहूर्ताच्या तीन दिवस आधी सुरू होते, एका साहेबाने विमानात जागा द्यायचा शब्द दिला आहे, "तेव्हा मी येईन तो वरूनच येईन." मी म्हटलं, दुसरा मुहूर्त धरा. विमान मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर आगबोटीने आणि रेल्वेनेही तो पोचेल.

हे ऐकल्यावर आमच्या यजमानांनी मुलीच्या शाळेचं नकाशाचं पुस्तक काढलं. शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक कोलंबोवर, एक टोक बेळगाववर. दोरा ताणून खालच्या मैलांच्या पट्टीवर धरला.

"सातशे मैल. विमान ताशी दीडशे जातंय म्हंतात. किती झाले?"

"पाच तास," धाकटे दीर म्हणाले. त्यांना गणित आलं याचा त्यांनाच आनंद झाला.

"म्हणजे मेव्हणे खोटं बोलत न्हाईत."

"खोटं बोलतो असं मी म्हटलंच नाही," मी म्हटलं. "पण त्याला जागा मिळेपर्यंतचा वेळ कुठे धरलाय? सांबऱ्याला उतरल्यावर इथपर्यंत यायचा वेळ कुठे धरलाय?"

"सांबऱ्याहून निपाणी काय, इथंच तर हाय!"

नकाशावर खरंच इथंच होतं. दोन्ही गावं मिळून माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकली गेली असती. पण त्या दिवसांत पेट्रोल मिळत नव्हतं. सर्व्हिस मोटारींच्या पाठीमागे कोळशाच्या गॅसची टाकी बसवली होती, आणि ती मोटार बेळगावला पोचायला दिवस घ्यायची. पन्नास मैलांना एक दिवस आणि सातशे मैलांना पाच तास, हा हिशेब मी तीन वेळा मांडून दाखवला. तिन्ही वेळा सगळे दोऱ्याकडे बघत राहिले.

कोगनोळीकरांना पहिलाच मुहूर्त हवा होता. नंतर पेरणीची घाई. त्यांच्यातल्या एका चुलत्याने शेवटी आणखी एक खुसपट काढलं. मामा समुद्र ओलांडून गेलेला, तो बोहल्याजवळ चालेल का? मी काही बोलायच्या आत सासूबाईच कडाडल्या, "लंकेला राम गेलता, परत येऊन गादीवर बसला. त्याला कुणी इचारलं व्हतं का?" चुलत्याने पान लावायला घेतलं. मला त्या क्षणी सासूबाईंचा अभिमान वाटला. मग त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पर पाच तासात त्यो मारुतीसुदिक आला नसंल गं. बघ बाई, तुझं म्हायेर."

मुहूर्त पहिलाच ठरला.

आप्पांचा निरोप आला, की शहापूरहून पिवळं लुगडं घेऊन ठेवलं आहे, गाडी धुऊन ठेवली आहे, पोरगा उतरला की त्याला घेऊन थेट निघतो. मी उलट निरोप धाडला, की तुम्ही लुगडं घेऊन पुढे या, तो मागून येईल. त्याला उत्तर आलं नाही.

रजा सुरू व्हायचा दिवस गेला. दुसरा गेला. मांडव पडला, आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, वखारीच्या अंगणात चुली मांडल्या. सांबऱ्याहून कोणी नाही. हळदीच्या दिवशी पहाटे मी उठले, पुढच्या दाराशी जाऊन रस्ता बघितला आणि परत आत आले. यजमान म्हणाले, "येतील गं. उतरला असंल काल." दीर म्हणाले, "कुणाला तरी धाडू या का?" त्यांच्या बोलण्यातला तो कुणीतरी मला चांगला ठाऊक होता. तो आमच्या घरात पुष्कळ कामं करायचा ठरलेला असे आणि कधी दिसत नसे.

मी पदर खोचला आणि म्हटलं, "मी जाते."

"तू?" सासूबाई जात्याजवळून उठल्या. "नवरीची आई हळदीच्या दिशी मोटारीत बसून चालली? लोकं काय म्हंत्याल?"

"लोकांना सांगा, चाक आणायला गेली."

त्या हसल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. मी हळद जावेवर सोपवली, लाडवांच्या डब्याची किल्ली थोरलीच्याच कमरेला अडकवली, कारण त्या घरात तेवढी एकच विश्वासाची जागा होती, आणि मोटार गाठली.

मी भावासाठी गेले नव्हते. भावाचं मी काहीच करू शकत नव्हते, तो आभाळात होता. मी जमिनीवरच्या माणसाला आणायला गेले होते. आप्पा आले की लुगडं आलं आणि निदान आजोबा मांडवात दिसला. मामा मानलेला उभा केला असता. एवढा साधा विचार होता.

मोटार सुटायलाच उशीर. ड्रायव्हर पाठीमागच्या टाकीत कोळसा भरतो, क्लीनर हाताने पंखा फिरवतो, धूर सगळा आत. लढाईमुळे सरकारने घड्याळं तासभर पुढे केली होती. मोटार त्या नव्या टायमावर आणि भटजी जुन्या टायमावर, त्यामुळे उशीर नेमका किती झाला यावरही मोटारीत भांडण. तवंदीच्या घाटाच्या तोंडाशी कंडक्टरने नेहमीप्रमाणे दार उघडलं. "इळीरी, इळीरी, सगळ्यांनी उतरा."

"तिकीट बेळगावचं काढलंय, घाटाचं न्हाय," एक म्हातारा म्हणाला.

"आजोबा, गाडी कोळसा खाती. तुम्ही भाकरी खाऊन चढत न्हाईसा, ती कोळसा खाऊन कशी चढंल?"

आम्ही चढलो. मोटार आमच्या मागून, रिकामी, कण्हत आली. वर पोचल्यावर पुन्हा आत. संकेश्वरला टाकी साफ करायला थांबली. पुढे आणखी एकदा नुसतीच थांबली, कारण कोणालाच कळलं नाही. बेळगावात उतरून सांबऱ्याकडे जाणारी एक बैलगाडी पकडली, आणि गावात पोचले तेव्हा उन्हं उतरली होती.

घराला कडी होती. शेजारणीने हात करून दाखवलं, "आप्पा व्हय? तारंजवळ. तीन दिस झालं तिथंच हायत."

एरोड्रमला काटेरी तारेचं कुंपण होतं. त्याच्या बाहेर, आमच्या जुन्या बांधावर, बाभळीखाली गाडी उभी होती. बैल शेजारी कडबा खात होते. गाडीत नवी वाकळ अंथरली होती. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून जुवावर बसले होते. तोंड विमानं उतरायच्या पट्टीकडे. मला बघून ते चकित झाले नाहीत.

"आलीस? बरं झालं. तुझ्यासमोरच उतरंल."

"आप्पा, उद्या लग्न आहे."

"ठावं हाय की. म्हणून तर बसलोय."

"लुगडं कुठे आहे?"

"गाडीत हाय. पेटीत."

"मग आत्ता घरी चला. पहाटे बेळगावची मोटार गाठू. सांजच्याला गोरजाच्या आधी निपाणी."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी पेरणीच्या दिवशी जत्रेला चला म्हणत होते. "आन् त्यो उतरल्यावर हितं कोण? आपल्या रानात उतरणार पोरगं. बापानं नसायचं?"

"तो लहान नाही. उतरला तर येईल त्याचा तो."

"काल एक इमान आलतं," आप्पा म्हणाले. त्यांना माझं ऐकायचं नव्हतं. "भर दुपारचं. मला वाटलं हेच. गाडी जुंपली सुदिक. पर ते उतरलंच न्हाय. वरच्यावर उत्तरंच्या अंगानं निघून गेलं. ते आपलं न्हवं. आपलं उतरंल."

"आणि नाही उतरलं तर?"

"पाच तासाचं काम हाय गं. आज न्हाय तर उद्या सकाळी. सकाळी निघालं तर दुपारी हितं."

"दुपारी इथे आला तरी गोरज गाठत नाही तो! सांबऱ्याहून निपाणीला दिवस लागतो, आप्पा. मी आत्ता येऊन बसलेय बघा, अंगावरची धूळ बघा माझ्या."

त्यांनी धूळ बघितली. मग तारेपलीकडे बघितलं. "समिंदरापलीकडनं पाच तास," ते म्हणाले, "आन् निपाणीला दिवस? कोण म्हणंल खरं हे?"

पुढे मी बरंच बोलले. नात नवरी झालेली बघायची नाही का, सासूबाई मला काय ऐकवतील, बारशाचं चाक, सगळं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "भाकरी खाल्लीस का?" या माणसाशी भांडता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. रागावला असता तर काहीतरी करता आलं असतं. पण ते रागावत नाहीत, नुसते हलत नाहीत.

रात्रीपुरती गाडी घरी आणली. पहाटे मी पुन्हा विचारलं. आप्पा बैलांना पाणी दाखवत होते.

"दुपारपातूर बघतो," ते म्हणाले. "उतरला की पळवतो बैलं."

मी पेटी उघडली, लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि बगलेत मारलं. बेळगावला निघालेली शेजाऱ्याची गाडी दाराशी आली होती. आप्पा गाडीपर्यंत आले. म्हणाले, "पोरीला सांग, आजा मामाला घेऊन येतोय."

"मी असलं काही सांगणार नाही," मी म्हटलं.

परतीची मोटार पुन्हा त्याच जातीची. संकेश्वर, धूर, नव्या-जुन्या टायमाचं भांडण. घाटात पुन्हा "इळीरी". त्या बाजूनेही चढच, मी गाठोडं डोक्यावर घेऊन चढत होते. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. मध्येच वरून विमानाचा आवाज आला. सगळी मोटार रस्त्यात थांबून वर बघायला लागली. "उत्तरंला गेलं," "न्हाय, दक्षिणंला," "तुझ्या सासऱ्याचं काय चाललंय त्यात?" अशी चर्चा. मी मान वर केली नाही. मला तेव्हा उडणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा तिटकारा आला होता. कावळा गेला असता तरी मी शिवी दिली असती.

निपाणीत पोचले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. वऱ्हाड कोगनोळीहून येऊन उतरलं होतं, वाजंत्री सुरू होती. मी अंगणात पाऊल टाकलं तर मांडवाच्या खांबाला टेकून, पायाची घडी घालून, नवा सदरा घातलेला माझा भाऊ कुरमुरे खात बसला होता.

"आक्का!" तो म्हणाला. "कुठं गेलतीस तू? लेकीचं लगीन आन् आई गायब!"

गाठोडं मी तिथेच खाली ठेवलं.

"तू कधी आलास?"

"काल सांजच्याला. कोल्हापूरहून मोटार केली."

"कोल्हापूरहून? तू वरून येणार होतास ना?"

"वरनंच आलो की! पर साहेबाला पुण्याला जायचं हुतं. विमान पुण्याचं. साहेब म्हणाला येतोस तर आत्ता चल, न्हायतर आठ दिस दुसरं न्हाय. मी म्हणलं पुणं तर पुणं. पुण्याहून रेल्वे, मिरजेला बदलली, मग कोल्हापूर, मग कागल, कोगनोळी, आपलं घर."

"तार करता येत नव्हती?"

"तार कशाला? तारंच्या आधी मी पोचणार हुतो. पोचलो का न्हाय?"

"इथे पोचलास. सांबऱ्याला कोण पोचलं?"

त्याचा हात कुरमुऱ्यांत थांबला. "आप्पा तुझ्यासंगं न्हाईत?"

"ते तारेजवळ बसलेत. तू उतरायची वाट बघत."

भाऊ उठून उभा राहिला. चेहऱ्यावरची मजा गेली होती. तो म्हणाला, "आक्का, आपल्या रानावरनंच आलो मी. परवा, भर दुपारी. खाली आपली विहीर दिसली. मी साहेबाला बोट करून दाखवली. घड्याळ बी बघितलं. कोलंबोपासनं तिथवर पाच तास. बरोबर पाच."

मला आप्पांचं बोलणं आठवलं. वरच्यावर उत्तरंच्या अंगानं निघून गेलं, ते आपलं न्हवं. मी ते भावाला सांगितलं. सांगायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्याला कळायला हवं होतं.

पण उभं राहून बोलायला वेळ नव्हता. भटजींनी पाण्यात घटिकापात्र सोडलं होतं. ती वाटी बुडत आली, की मुहूर्त. मी पोरीला आत नेऊन लुगडं नेसवलं. तिने विचारलं, "आजोबा?" मी म्हटलं, "नीट उभी राहा, निऱ्या सुटतील." मामाने तिला हाताला धरून आणलं, पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या. काही अडलं नाही. जेवणावळीत सासूबाई माझ्या पानात भात वाढता वाढता म्हणाल्या, "मामा वरनं आला, लुगडं खालनं आलं, आन् आजा तिथंच ऱ्हायला. एका घरची माणसं, तीन वाटा." त्यात टोमणा कमी होता. मला वाटतं, त्यांनाही वाईट वाटलं होतं. त्या दिवसापासून चाकाचा विषय मात्र बंद झाला. त्याच्या जागी विमान आलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ मोटारीने सांबऱ्याला गेला. काय झालं ते त्याने नंतर मला सांगितलं. आप्पा गाडीवर तसेच होते, तोंड पट्टीकडे, पटका बांधलेला. भाऊ गावाच्या बाजूने, पाठीमागून आला आणि हाक मारली. आप्पांनी वळून त्याच्याकडे बघितलं, मग पट्टीकडे, मग परत त्याच्याकडे. भावाने सगळं सांगितलं. पुणं, रेल्वे, लग्न कसं झालं, वरून विहीर कशी दिसली.

"म्हंजे ते इमान तुझंच," आप्पा म्हणाले.

"व्हय, आप्पा."

"मी बघितलं त्याला. हात केलता." मग म्हणाले, "डोक्यावरनं गेलास आन् हाक बी मारली न्हाईस."

भावाला हसू आलं. आप्पांना आलं नाही. त्यांनी बैल जुंपले आणि गाडी घरी नेली. रजेच्या उरलेल्या दिवसांत ते त्याच्याशी जेवणखाणापुरतंच बोलले. परतीला विमानात जागा मिळाली नाही. भाऊ पुन्हा रेल्वे आणि आगबोटीने गेला, आणि त्यासाठी रजा संपायच्या कितीतरी दिवस आधी त्याला निघावं लागलं. हे दिवस पाच तासांच्या कुठल्या हिशेबात धरायचे, ते मी आमच्या यजमानांना विचारलं. त्यांनी नकाशाचं पुस्तक तोवर माळ्यावर टाकलं होतं.

पोरगी परतणीला माहेरी आली तेव्हा मी ठरवलं, की ती जशी मांडवात उभी होती तशी आप्पांना दाखवायची. सासूबाई म्हणाल्या, "लग्नाचं लुगडं नेसून मोटारीत? धुरात?" मी म्हटलं, "धुराने काळं झालं तर धुऊ." तिला पिवळं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा, नवं मंगळसूत्र. घाटात ती नवी नवरी लुगडं वर खोचून पायी चढली आणि कंडक्टर म्हणाला, "बाईसाहेब, आज गाडीला लाज वाटायला लागली." तरी गाडीने आम्हाला बसू दिलं नाही.

सांबऱ्याला पोचलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. आप्पा दाराशी कट्ट्यावर बसले होते. पोरगी पाया पडली. त्यांनी तिला समोर उभी राहायला सांगितलं, बघितलं, लुगड्याचा काठ बोटांनी चाचपला. शहापूरचा माल बरा निघाला, असं म्हणाले. मग त्यांनी तिला विचारलं, मला नाही.

"कवा निघालासा?"

"तांबडं फुटायला, आजोबा."

आप्पांनी सूर्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. दिवस कुठून कुठे आला ते मनाशी मोजल्यासारखं.

"म्हंजे त्या दिशी पहाटे तुझ्या आईसंगं निघालो असतो, तर गोरज गावली असती," ते म्हणाले.

पोरीने माझ्याकडे बघितलं. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, नाही हो, तरी उशीरच झाला असता. मला तसं बोलता येत नाही.

"गावली असती, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पलीकडे एरोड्रमवर एक विमान उतरत होतं, त्याचा आवाज भिंतीला घासून गेल्यासारखा आला. आप्पांनी त्या दिवशी आपल्या रानात किती उतरली ते सांगितलं नाही.

"आत चला," मी म्हटलं. "पोरगी सकाळपासून उपाशी आहे."